बांधामागच्या गाळात कार्बन कसा काय साठतो?

प्रश्न: आमच्या ओढ्यावर अनघड दगडांचे छोटे बांध घातलेत, त्याने माती अडते ते दिसतंच, पण कार्बन पण साठतो म्हणतात, खरंय का?

उत्तर: हो, खरंय. पावसात पहिला वाहून जातो तो मातीचा वरचा थर, आणि कुजलेला पालापाचोळा, म्हणजे कार्बन धरून ठेवणारा ह्युमस, जास्त त्यातच असतो, तो बांधामागे थरावर थर बसतो, खालच्या थराला हवा कमी मिळते मग जिवाणूंचं कुजवायचं काम मंदावतं आणि कार्बन तिथेच राहतो. चीनमध्ये पिवळ्या नदीच्या लोएस (वाऱ्याने आणलेली बारीक माती) पठारावर तर असे हजारो बांध आहेत, गाळ भरून तिथे सपाट शेतं झालीत. पण यातला बराच कार्बन वरच्या रानातूनच आलेला असतो, म्हणजे तिथला तेवढा कमी झालेला असतो, म्हणून आधी माथ्यावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) आणि गवत कराच. आणि बांध फुटू देऊ नका, साठलेलं सगळं वाहून जाईल.