व्यापारी मंडळाच्या खात्यात चांगली शिल्लक असताना वर्गणी वाढवायची गरज असते का?

असते. शिल्लक गलेलठ्ठ असेल तर जरा जास्तच असते, कारण मग हिशोबाकडे कोणी बघत नाही.

बडोद्यात रावपुऱ्याच्या बाजूला आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. सासऱ्यांनंतर मी गल्ल्यावर बसले आणि मंडळाचं खजिनदारपदही गळ्यात पडलं, कारण पावतीपुस्तक घेऊन दुकानोदुकानी फिरायला दुसरं कोणी तयार नव्हतं. वर्गणी महिन्याला 50 रुपये, सासऱ्यांच्या वेळी ठरलेली. त्यात रात्रीच्या चौकीदाराचा निम्मा पगारही सुटत नसे. बाकीचं एफडीच्या व्याजातून. 2012-13 च्या सुमाराला बँका नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या, तोवर सगळं झाकून गेलं. 2020 संपेपर्यंत दर पाचच्या घरात आले. चौकीदाराचा पगार थोडाच खाली येतो?

मी म्हटलं, वर्गणी 100 करा. प्रमुखसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बेन, तमे हिसाब राखो, वहीवट अमे करीशुं." म्हणजे, ताई, तुम्ही हिशोब ठेवा, कारभार आम्ही बघू. पुढे एका दिवाळीला एक एफडी मोडून गल्लीभर रोषणाई केली आणि त्याच स्टेजवर स्वतःचा सत्कार करून घेतला. शाल-श्रीफळाचं बिलही मंडळाच्याच नावावर. ते व्हाउचरला टाचणीने लावताना माझा हात नुसता शिवशिवत होता.

तर चालू खर्च चालू वर्गणीतूनच निघाला पाहिजे. प्रवेश फी आणि देणग्या वेगळ्या निधीत ठेवा, आणि त्याला हात लावायचा तर साधारण सभेचा ठराव हवा. वर्गणी मागायची ज्याला लाज वाटते, त्याने प्रमुख होऊ नये. हार घालून घेताना बरी वाटत नाही!

हां, व्याजावर मंडळ चालवायचं तर कराचंही बघा. सभासदांच्या वर्गणीवर एरवी आयकर लागत नाही, पण बँकेच्या व्याजाला ती सवलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बंगळूर क्लबच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय. तुमची नोंदणी धर्मादाय ट्रस्ट म्हणून असेल तर नियम वेगळे, सीएला विचारा.

आणि "वर्गणी वाढवली की जीएसटी लागेल" असं कोणी घाबरवलं, तर त्याला वर्षाची उलाढाल विचारा. 20 लाखांच्या आत असलेल्या मंडळाला सहसा नोंदणीच लागत नाही. आमच्या मंडळाने सात जन्मांत 20 लाख पाहिलेले नाहीत, तरी प्रमुखसाहेब अजून तेच सांगत फिरतात.