वाचकांचे प्रश्न : घटस्फोटाच्या निकालाआधी उरकायची कागदपत्रं

प्रश्न : आम्ही परस्परसंमतीने घटस्फोट घेत आहोत. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, गृहकर्जाचे ३१ लाख बाकी आहेत. पत्नी तिचा अर्धा हिस्सा काहीही न घेता मला द्यायला तयार आहे. वकील म्हणतात, कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य केलेल्या अटी, ज्या कोर्टात देतात) लिहू, झालं. तेवढ्यावर भागेल का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : नाही भागणार. कन्सेंट टर्म्सवर तुम्हा दोघांच्या सह्या असतात, बँकेची नसते. ‘पुढचे हप्ते पती भरेल’ असं लिहिलं तरी बँकेच्या लेखी दोघंही कर्जदारच. तुमचे हप्ते थकले की सिबिल स्कोअर तिचाही घसरतो. उद्या ती स्वतःसाठी घर घ्यायला गेली की हे ३१ लाख तिच्या नावापुढे दिसतात. म्हणून पहिला अर्ज कोर्टात नव्हे, बँकेत करा : सहकर्जदाराचं नाव वगळण्याचा. तुमच्या एकट्याच्या पगारावर हे कर्ज झेपतं का, ते बँक तपासेल. झेपत नसेल तर काही रक्कम आधी फेडा, नाहीतर घरातल्या कमावत्या माणसाला सहकर्जदार म्हणून घ्या. घर गहाण असल्यामुळे मालकी बदलायलाही बँकेचं ना हरकत पत्र लागतंच.

मग येतं बक्षीसपत्र, म्हणजे गिफ्ट डीड. महाराष्ट्रात निवासी मालमत्ता नवऱ्याला किंवा बायकोला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. महापालिका हद्दीत वर स्थानिक अधिभार लागतो, त्याचा आकडा दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच विचारून ठेवा. मेख अशी, की बक्षीसपत्र होतं त्या दिवशी तुम्ही नवरा-बायको असायला हवं. निकालानंतर तेच बक्षीसपत्र केलंत तर ते परक्याला दिल्यासारखं धरलं जातं. फ्लॅटचं मूल्यांकन ८० लाख असेल तर अर्धा हिस्सा ४० लाखांचा, आणि चिंचवडच्या सुमारे ७ टक्के दराने शुल्क २ लाख ८० हजार. शिवाय मोफत मिळालेल्या मालमत्तेवरून प्राप्तिकर खातं प्रश्न विचारू शकतं, ते वेगळंच. मात्र हिस्स्याच्या बदल्यात पत्नीला पैसे देणार असाल तर त्याला बक्षीस म्हणू नका. मोबदला आला की सवलत गेली.

तारीख कोणती धरायची? निकाल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. नोंदवलेलं बक्षीसपत्र मात्र सहजासहजी मागे घेता येत नाही. पत्नी आधी सही करायला कचरली तर तिचं काही चुकत नाही. म्हणून बँकेची मंजुरी घटस्फोटाचा अर्ज दाखल करण्यापूर्वीच हातात ठेवा आणि बक्षीसपत्राची नोंदणी कोर्टाच्या शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी करा. अर्जानंतर सहा महिने थांबण्याचा कूलिंग काळ आहे म्हणून निवांत राहू नका. वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे मिटलं असेल, तर तो काळ माफ करता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. तारीख अचानक जवळ येते आणि मग बँकेच्या दारात धावपळ होते.

इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) मिळाला की सोसायटीला शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदलायला द्या. विमा, पीएफ, म्युच्युअल फंडांतली नॉमिनेशनही बघा. घटस्फोटाने ती आपोआप बदलतील असं धरून चालू नका.

प्रश्न : पती एकरकमी २५ लाख किंवा दरमहा २० हजार द्यायला तयार आहेत. काय घ्यावं? मुलगी सात वर्षांची आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दरमहाची पोटगी तुमचं उत्पन्न धरली जाते, ती विवरणपत्रात दाखवावी लागते. एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची, तिच्यावर कर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगढच्या प्रिन्सेस महेश्वरी देवींच्या प्रकरणात हाच फरक केला होता. २० हजारांचे वर्षाला २ लाख ४० हजार होतात. २५ लाखांवर ७ टक्क्यांनी १ लाख ७५ हजार व्याज येतं. त्या व्याजावर कर आहे, पण मुद्दल तुमच्याकडेच राहतं. दरमहाची रक्कम परिस्थिती बदलली की कोर्टात कमी-जास्त करून घेता येते आणि तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर ती बंदही होऊ शकते. थकली तर वसुलीचा अर्ज पुन्हा तुम्हीच करायचा. पतीचा स्वतःचा धंदा असेल तर आम्ही एकरकमीच सुचवू, कारण पगारातून कापून घेण्याची सोय तिथे नसते.

दोन गोष्टी सांभाळा. डिमांड ड्राफ्ट तीनच महिने चालतो. अर्जाच्या दिवशी काढलेला ड्राफ्ट सहा महिन्यांनी नुसता कागद असतो, तेव्हा रक्कम, किंवा ती टप्प्यांत मिळणार असेल तर शेवटचा हप्ता, ताज्या ड्राफ्टने किंवा थेट खात्यात, निकालाच्या तारखेलाच घ्या. आणि मुलीचा खर्च या २५ लाखांत कालवू नका. तिचा हक्क तिचा आहे, आईने ‘पुढे काही मागणार नाही’ लिहून दिल्याने तो संपत नाही. शाळेची फी, वैद्यकीय खर्च, दरवर्षीची वाढ हे वेगळ्या कलमात हवं.

प्रश्न : लग्नातलं सोनं सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहे. ते परत कसं मागू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ते स्त्रीधन आहे, त्यावर हक्क फक्त तुमचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलंय, की सासरचे लोक ते केवळ सांभाळणारे आणि मागूनही न देणं हा गुन्हा ठरू शकतो. यादी मात्र नीट करा. ‘पाटल्या, तोडे, साज’ एवढ्याने काम होत नाही. प्रत्येक दागिन्याचं ग्रॅममधलं वजन, कुणी दिला, सराफाची पावती आणि तो अंगावर दिसेल असा लग्नातला फोटो एकत्र लावा.

प्रश्न : २०१९ मध्ये गावात पंचांसमोर शंभराच्या स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून नोटरी केली. आता दुसरं लग्न ठरतंय. चालेल? (एक वाचक, बीड)

उत्तर : थांबा. हिंदू विवाह कायद्यात नोटरीच्या कागदाने लग्न मोडत नाही. जातीच्या रूढीप्रमाणे काडीमोड झाली असं म्हणायचं तर ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. तसं केल्याशिवाय लग्न केलंत तर ते रद्दबातल ठरू शकतं आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पहिली पत्नी तयार असेल तर परस्परसंमतीचा अर्ज करा. आणि तो स्टॅम्पपेपर फाडू नका, अर्जाला जोडा. २०१९ पासून वेगळे राहत असल्याचा तो चांगला पुरावा आहे आणि कूलिंग काळाचे सहा महिने माफ करून घ्यायलाही उपयोगी पडेल.