२६/११ नंतर युद्ध न करता खटला चालवला, म्हणून भारत जगात दुबळा ठरला का?

आपला प्रश्न असा आहे की २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानवर चढाई केली नाही, उलट जिवंत सापडलेल्या कसाबवर जवळजवळ चार वर्षे खटला चालवला, त्यामुळे परक्यांच्या नजरेत आपण दुबळे ठरलो का. माझे थोरले साडू न्यू जर्सीत राहतात आणि हाच प्रश्न ते मला तेव्हापासून विचारत आले आहेत, म्हणून आपल्याला सविस्तर लिहितो.

त्या रात्री मी सीएसटीला होतो. लेखापरीक्षणामुळे फोर्टमधल्या कार्यालयातून निघायला उशीर झाला होता आणि मी कल्याणच्या धिम्या लोकलमध्ये बसून गाडी सुटण्याची वाट पाहत होतो. फटाक्यांसारखा आवाज आला तेव्हा डब्यातला एकजण म्हणाला की आपण मॅच जिंकलो. कटकला इंग्लंडविरुद्ध सामना होता, त्यामुळे आम्हा सर्वांना ते पटले. मग ध्वनिक्षेपकावर नेहमीचाच आवाज आला, रोज गाडी कितव्या फलाटावर लागणार ते सांगणारा. पण आता तो मागच्या बाजूने बाहेर पडा असे पुन्हा पुन्हा सांगत होता. विष्णू झेंडे हे त्यांचे नाव आम्हाला नंतर वर्तमानपत्रांतून कळले. बंदूकधारी आपल्या खोलीतून दिसत असतानाही त्या गृहस्थांनी जागा सोडली नाही, आणि मी आज हे लिहू शकतो ते त्यांच्यामुळे, असे मी मानतो.

आम्ही फलाटाच्या टोकाला उतरून रुळांच्या कडेने मशीदच्या दिशेने चालू लागलो. माझ्यापुढे एक कोळीण रिकामी पाटी डोक्यावर घेऊन चालली होती. भायखळ्यापर्यंत तिने ती पाटी खाली ठेवली नाही आणि कोणी थबकले की ‘मागे बघू नका रे’ एवढेच म्हणत राहिली. रात्र मी चिंचपोकळीला मावसबहिणीकडे काढली. डोंबिवलीला घरी फोन लागला तेव्हा दोन वाजून गेले होते. टीव्हीवर ताजचा धुमसणारा घुमट दिसत होता आणि पुढचे तीन दिवस जगाने मुख्यतः तोच पाहिला. सीएसटीवर पन्नासहून अधिक माणसे मेली, त्यांतली बरीचशी बोचकी-पिशव्या घेऊन गावच्या गाडीची वाट पाहत बसलेली होती. त्यांच्याकडे कॅमेरे फार थोडा वेळ वळले.

गुरुवारी मी घरी परतलो आणि झोपून राहिलो. शुक्रवारी धुतलेल्या फरशीवरून चालत कामावर गेलो, तर गुरुवारची माझी एक नैमित्तिक रजा कापलेली होती. त्याच संध्याकाळी साडूंचा फोन आला. ‘तुम्ही मुंबईकर धन्य आहात, दोन दिवसांत पुन्हा लोकलमध्ये! इथे सगळे तुमच्या स्पिरिटचे कौतुक करतात,’ असे ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की न जाऊन चालण्यासारखे नव्हते, आणखी एक रजा गेली असती. त्यांना तो माझा विनय वाटला. पुढे जानेवारीत त्याच साडूंनी मला ऐकवले की अमेरिकेने ११ सप्टेंबरनंतर महिन्याच्या आत अफगाणिस्तानवर बाँब टाकले आणि तुम्ही मात्र कागद पाठवता. परक्यांची नजर म्हणतात ती मला एकाच माणसाकडून अशी दोन्ही बाजूंनी अनुभवायला मिळाली. आधी केलेली स्तुती आणि नंतर केलेला धिक्कार या दोहोंतही तपशील पाहण्याचे कष्ट नव्हते.

तपशील असा आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये आपण सुमारे दहा महिने सैन्य सीमेवर उभे केले होते, सुरुंगांनी आपलेच जवान गमावले आणि हाती फारसे काही लागले नाही. २००८ मध्ये आपल्या हाती वेगळी गोष्ट होती. मुंबई पोलिसांतल्या तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर रिकाम्या हातांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि आरोपी जिवंत सापडला. ५ जानेवारी २००९ रोजी भारताने पुरावे पाकिस्तानला सोपवले, आणि कटाचा काही भाग आमच्या भूमीवर रचला गेला असे १२ फेब्रुवारीला पाकिस्तानच्या गृहखात्याच्या प्रमुखांना जाहीरपणे मान्य करावे लागले. बाँब टाकून ही कबुली मिळाली नसती. ज्या न्यायालयाने कसाबला फाशी सुनावली, त्यानेच त्याच्यासोबतच्या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडले. मला त्या निकालाचा अभिमान वाटतो.

कसाबला बिर्याणी खाऊ घालणारा देश, हे साडूंचे आवडते वाक्य होते. बिर्याणीची गोष्ट मीच रचली होती, असे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतः सांगितले. मी ती बातमी साडूंना कापून पाठवली. आणखी एक गोष्ट त्यांना कधी ठाऊक नव्हती: मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या दफनभूमीत जागा देण्यास मुंबईच्या मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला आणि ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ शवागारात पडून राहिले. राष्ट्राचा प्रतिसाद म्हणताना मी हेही धरतो.

आपण कमी पडलो ते दुसरीकडे. एनएसजीचे (राष्ट्रीय सुरक्षा दलाचे) कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून येऊन कामाला लागेपर्यंत सकाळ झाली होती; मुंबईत त्यांचे केंद्र हल्ल्यानंतर आले, ते आधी हवे होते. सीएसटीवर पायाला गोळी लागलेली आणि पुढे कुबडीच्या आधाराने न्यायालयात येऊन कसाबला ओळखणारी मुलगी मोठी झाल्यावर तिला घरासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. दुबळेपणा शोधायचाच असेल तर तो इथे आहे.

मी न्यायालयांवर डोळे झाकून विश्वास ठेवतो, असे मात्र समजू नये. ११ जुलै २००६ च्या लोकल बाँबस्फोटांत दोषी ठरलेल्या बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले. ते खरोखर निर्दोष असतील तर त्यांची वर्षे गेली, आणि मृतांच्या घरच्यांना तर आजही उत्तर मिळालेले नाही. खटला चालवणे म्हणजे न्याय देणे, हे समीकरण तिथे कोसळते. शस्त्र उचलण्याला माझा सरसकट विरोध आहे, असेही नाही. एप्रिल २०२५ मधल्या पहलगाम हल्ल्यातल्या २६ मृतांपैकी तिघे आमच्या डोंबिवलीचे होते. भागशाळा मैदानावर त्यांच्या अंत्यदर्शनाला मी उभा होतो आणि ७ मे रोजी भारताने पाकिस्तानवर हल्ले केले तेव्हा मला ते योग्य वाटले. तरीही २००८ चा निर्णय चुकला होता, असे मला त्या दिवशीही वाटले नाही.

आपण परदेशात राहत असाल आणि कोणी आपल्याला भारत मवाळ आहे असे सुनावले, तर त्याला डेव्हिड हेडलीविषयी विचारा. ताजसह या ठिकाणांची टेहळणी त्याने केली होती. २६/११ ला सहा अमेरिकन नागरिकही मेले. त्याला अमेरिकेने शिकागोत पकडले, त्याच्याशी करार केला, फाशी नाही आणि भारताच्या हवाली करणार नाही असे वचन दिले, आणि २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा दिली. माहिती मिळवण्यासाठी तसे करावे लागले असेल, ते मी समजू शकतो. पण मग आपल्या चार वर्षांच्या खटल्याला दुबळेपणा कोणत्या तोंडाने म्हणायचे, हे मी साडूंना तेव्हापासून विचारतो आहे, आणि ते प्रत्येक वेळी कसाबच्या कोठडीवर झालेल्या खर्चाचा विषय काढतात.