आधी विचारा, गाडी रात्री कुठे उभी असायची

तुमचा प्रश्न असा: घर कळंगुटला, नोकरी पणजीत, घरात पाच माणसं, चवथीला सामानासकट सावंतवाडीला जायचं असतं आणि हातात साडेतीन लाख आहेत. एवढ्यात २०१२ ची पेट्रोल होंडा सिटी घ्यावी, की थोडी नवी छोटी गाडी?

माझ्याकडे २०१० ची सिटी आहे, २०१७ मध्ये सेकंडहँड घेतलेली. राहायला मी डिचोलीला. माझं मत विचाराल तर सिटीच घ्या. पण जुनी गाडी बघताना सगळे आधी मीटरवरचे किलोमीटर बघतात, आणि गोव्यात तिथंच फसायला होतं. साठ हजार धावलेली पण दहा पावसाळे मिरामारला उघड्यावर काढलेली गाडी एकीकडे, आणि सव्वा लाख धावलेली पण फोंड्याला पत्र्याच्या शेडखाली उभी असायची ती दुसरीकडे, तर मी दुसरी घेईन. इंजिनाचं काम पैसे टाकले की होतं. कुजलेला पत्रा पहिल्यासारखा होत नाही.

इंजिनाची फार काळजी करू नका. या सिटीचं दीड लिटरचं इंजिन रबरी टायमिंग बेल्टवर नाही, धातूच्या टायमिंग चेनवर आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. ऑइल वेळेवर बदला, अधूनमधून टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हचं अंतर, सेट करून घ्या, आणि रेडिएटरमध्ये तयार कूलंटच घाला, विहिरीचं पाणी नको.

खरा वेळ खाली वाकून बघण्यात घालवा. दाराखालचे रनिंग बोर्ड, चाकांच्या कमानींची आतली बाजू आणि डिकीतली स्टेपनी काढल्यावर दिसणारा खड्डा, या तीन जागा समुद्राच्या खाऱ्या हवेनं आधी जातात. खिशात एक चुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून रनिंग बोर्डावर फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. आरसी बुकात गाडी आधी रेंट-अ-कॅब, म्हणजे पर्यटकांना स्वतः चालवायला भाड्यानं दिली जाणारी, होती का तेही बघा. काळी पाटी काढून खासगी केलेल्या गाड्याही बाजारात येतात, आणि रोज नव्या पर्यटकाच्या हाताखाली चाललेली गाडी मी तरी घेणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी विकणारा आपणहून सांगणार नाही. तकाता कंपनीचे एअरबॅग इन्फ्लेटर, म्हणजे बॅग फुगवणारे भाग, जगभर परत मागवले गेले, त्यात भारतातल्या त्या काळातल्या सिटीही होत्या. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागून त्यातलं रसायन बिघडतं आणि बॅग फुगताना इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे उडू शकतात. उष्ण आणि दमट म्हणजे आपलीच हवा. चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की त्या गाडीचं काम बाकी आहे का ते कळतं, आणि ते फुकट करून मिळतं. पैसे देण्याआधी हे बघाच. त्या गाडीत तुमची माणसं बसणार आहेत.

आता तुमचं घर कळंगुटला, म्हणजे यापुढे गाडी समुद्राशेजारीच निजणार. शेड शक्य असेल तर घाला, पण माडाखाली नको. दर पंधरा दिवसांनी खालून गोड्या पाण्यानं धुवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, नाहीतर मीठ काढायला जाऊन मीठच लावाल. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साचतात, ती मृगाआधी हातानं काढा. तिथली वाट तुंबली की पाणी ब्लोअरमधून आत उतरतं आणि मॅटखाली बुरशी धरते.

माझ्याकडून एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. गाडी घेतली त्याच वर्षी एका गॅरेजमध्ये खालून काळं कोटिंग मारून घेतलं. त्यांनी गंज घासला नाही, वरूनच फवारलं. मला ते वरून छान दिसलं. दोन पावसाळ्यांनी पत्र्याचं काम करणाऱ्या टिंकरनं स्क्रूड्रायव्हर टेकवला तर कोटिंगसकट पत्र्याची खपली हातात आली. आत अडकलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच राहिली नव्हती. डाव्या बाजूचा तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागला. कोटिंग करायचंच तर मे महिन्यात, गाडी कोरडी ठणठणीत असताना, गंज घासून प्रायमर मारल्यावर, आणि स्वतः शेजारी उभं राहून करून घ्या.

पेट्रोलचंही सांगतो. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, २०१२ च्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबराला त्रास देतं. मी पेट्रोलचे रबरी पाईप बदलून घेतले आणि गाडी महिनाभर उभी ठेवत नाही. मायलेज थोडं घटतं, ते धरून चाला.

कागदांचं म्हणाल तर २०१२ च्या गाडीला २०२७ मध्ये पंधरा वर्षं होतील. तेव्हा आरटीओत तपासणी होऊन पुन्हा नोंदणी, ती पाच वर्षांसाठी. मोटारीची केंद्राची फी २०२२ मध्ये ५,००० रुपये झाली होती. दिल्लीत जुन्या गाड्यांवर बंदी, म्हणून इथंही भंगारात जाईल असं कोणी सांगेल, पण तो नियम दिल्ली परिसराचा आहे. माझी गाडी गेल्या वर्षी पास झाली. मात्र गंजून भोकं पडलेली गाडी तिथं अडकू शकते, हेही लक्षात ठेवून भाव करा.

एक अडचण मात्र राहतेच: गाडी बुटकी आहे. पाच माणसं बसवून ओहोटीच्या वेळी चोडणच्या फेरीबोटीत चढवली की धक्क्यावर पोट घासतं. मी दोघातिघांना खाली उतरवतो. घरात म्हातारं माणूस असेल तर सीटवरून उठताना त्यांना हात द्यावा लागतो.

गाडी बघायला जाल ते रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी जा. पुढचे-मागचे मॅट उचला आणि खालच्या कार्पेटवर तळहात दाबून धरा. ओल लागली तर भाव विचारायच्या भानगडीत न पडता परत या.