फेकायचा सूट की धुवायचा? आधी रेघा मोजा

तुमच्या पेंट शॉपमध्ये बारा माणसं, प्रत्येकाला रोज कपड्यांवरून घालायचा, एकदा वापरून फेकायचा संरक्षक सूट. साहेब म्हणतात, धुऊन वापरायचे कापडी घेऊन टाका, स्वस्त पडतील. खरंच पडतील का, हा तुमचा प्रश्न.

दोन सुटांच्या किमती शेजारी मांडून हे कळत नाही. एकदा अंगात घालायला किती पडलं, ते काढायचं. फेकायच्या सुटाची किंमत १ धरा. कापडी सूट २० ला आला, दर धुण्याला ०.४ गेले आणि तो ५० वेळा धुऊन टिकला, तर एका वापराला ०.८ पडले. तोच सूट ३० धुण्यांत बाद झाला, तर १.०७. म्हणजे फेकायच्यापेक्षा महाग. हा टिकण्याचा आकडा माहितीपत्रकातून उचलू नका.

आम्ही पहिल्या वर्षी उचलला होता आणि फसलो. कापड धड होतं, पण चेन गेल्या, मनगटाचं इलॅस्टिक सैल पडलं. उंच माणसांना आखूड माप दिलेलं, ती खाली वाकली की जांघेतली शिवण उसवायची. तेव्हापासून आतल्या लेबलवर पक्क्या शाईने दर धुण्याला एक रेघ मारतो आणि सूट बाद करताना रेघा मोजतो. मापं नीट घेतली, चेन वेळेवर बदलल्या, तशा रेघा वाढल्या.

फेकायच्या सुटांचाही खरा आकडा काढा. महिन्यात स्टोअरमधून गेलेल्या सुटांना हजेरीने भागा. जेवून आल्यावर माणसं नवा सूट घेत असतील तर तुमचा १ प्रत्यक्षात २ असतो. रंग लागलेल्या सुटांची विल्हेवाट वजनावर आकारली जात असेल तर तेही त्यात धरा. कापडीला माणशी तीन जोड लागतात: एक अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. बारा जणांचे ३६ झाले, पैसे सुरुवातीलाच अडकतात.

पेंटसाठी साधं सुती कापड घेऊ नका. त्याचे तंतू सुटून ओल्या रंगावर बसतात, आणि पुन्हा रंगवायचा खर्च सगळा हिशेब खाऊन टाकतो. अखंड धाग्याचं पॉलिएस्टर, त्यात स्थिर वीज वाहून नेणारा कार्बनचा धागा, असं कापड मागा. सूट कुठलाही असो, थिनरसारख्या सॉल्व्हंटच्या वाफा असतील तिथे तो उतरवायचा नाही, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

आणि कळकळीने सांगतो, धुणं घरी पाठवू नका. टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असतं, त्याने दमा होऊ शकतो. तो रंग लागलेले कपडे घरातल्या पोराबाळांच्या कपड्यांत मिसळता कामा नयेत. घरी धुतले म्हणून वाचलेले ०.४ मी बचतीत धरतच नाही. असे कपडे घेणारी लॉण्ड्री आधी शोधा. सॉल्व्हंटने भिजलेला सूट मशीनमध्ये टाकू देऊ नका, आग लागू शकते.

काही कामांत तुलनाच नको. ॲस्बेस्टॉसमध्ये वापरलेला सूट त्याच कचऱ्यासोबत सीलबंद करून टाकायचा. वेल्डिंगला उलट: बरेच फेकायचे सूट ज्याचे असतात ते पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळून कातडीला चिकटतं, तिथे ज्वालारोधक कापडच हवं, आणि ते क्लोरीन ब्लीचमध्ये धुवायचं नाही.

तुमच्याकडे मी घासकाम आणि मास्किंग (रंग नको तो भाग झाकणं) करणाऱ्यांना कापडी देईन, स्प्रे गन धरणाऱ्यांना सध्या फेकायचेच ठेवीन. आधी चार जणांपुरते बारा जोड घ्या, पहिल्या धुण्यापासून रेघा मारा. बाकीच्यांची ऑर्डर त्या रेघा मोजल्यावर.