खाणीतला टोपीवरचा दिवा कामगाराला घरी का नेऊ देत नाहीत?

तुम्ही विचारलंय की मोबाईल घरी चार्ज करतो तसा खाणकामगाराने आपला दिवा घरीच चार्ज करून का आणू नये. खाणीच्या तोंडाशी वेगळी खोली, रॅक, बिल्ले, नोंदवही हा पसारा कशाला?

मी त्या खोलीत, म्हणजे लॅम्प रूममध्ये, काही वर्षं काढली आहेत. दिवा फक्त उजेडासाठी असता तर नेऊही दिला असता. पण खाली किती माणसं आहेत आणि कोणकोण, हे त्याच दिव्यावरून कळतं.

आधी चार्जिंगचं सांगतो. जुना लेड-ॲसिड दिवा म्हणजे कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली जड बॅटरी, तिथून पाठीवरून टोपीपर्यंत गेलेली जाड केबल आणि टोकाला हेडपीस, म्हणजे टोपीवर बसणारा बल्बचा भाग. बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे दोन सेल, मिळून ४ व्होल्ट. चार्ज करायला बॅटरी उघडावी लागत नाही, सगळं हेडपीसमधूनच होतं. पाळी सुटली की कामगार आपल्या नंबरच्या जागेवर बॅटरी ठेवतो, हेडपीस रॅकवरच्या किल्लीसारख्या खुंटीवर बसवतो आणि फिरवतो. दिवा विझतो, चार्जिंग सुरू होतं. रॅकवरच्या सगळ्या दिव्यांना साधारण ५ व्होल्टचा एकच पुरवठा असतो. रिकामी बॅटरी सुरुवातीला भरपूर करंट ओढते, भरत आली की आपोआप कमी घेते. त्यामुळे नवख्याला वाटतं, लावला की विसरा.

घोळ तिथेच होतो. खुंटीवर कोळशाची धूळ बसली किंवा हेडपीस पूर्ण फिरला नाही, तर दिवा रात्रभर रॅकवर असूनही रिकामाच राहतो. रॅकवर होता म्हणजे भरला असं नाही. प्रत्येक जागेला करंट दाखवणारा छोटा काटा, म्हणजे ॲमीटर, असतो (नव्या रॅकवर लाल-हिरवी लाईट), पण तो बघायला माणूस लागतो. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती पूर्वीसारखी भरत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशीही दिवे तसेच टाकून चालत नाही. डिस्टिल्ड वॉटर घालत राहायचं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो; म्हणून खोली हवेशीर ठेवायची आणि तिथे बिडी-काडी बंद. शेकडो बॅटऱ्या एका छताखाली असल्या की हे सगळं एकच माणूस बघू शकतो. घरोघरी कोण बघणार?

आता लिथियमचे दिवे आलेत, हलके, बरेचसे बिनकेबलचे. लिथियम सेलला ४.२ व्होल्टच्या वर नेलेलं चालत नाही, म्हणून ते सांभाळणारं सर्किट दिव्यातच असतं. तरी घरी नेऊ देत नाहीत, आणि त्याचं कारण बॅटरीपेक्षा जुनं आहे. कोळशातून मिथेन नावाचा पेट घेणारा गॅस सुटतो; हवेत तो साधारण ५ ते १५ टक्के असेल तर एक ठिणगी पुरते. इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीत १८१२ साली स्फोटात ९२ जण गेले. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली, म्हणजे ज्योतीने बाहेरचा गॅस पेटू नये. पण अशा दिव्याचा उजेड कमी, म्हणून कोणी जाळी काढायचा, कोणी त्यावर तंबाखूचा पाईप पेटवायला बघायचा. तेव्हापासून दिव्यांना कुलूप आलं, आणि ते उघडायचं फक्त दिवे देणाऱ्याने. विजेच्या दिव्यालाही तीच शिस्त लागली. खास स्क्रू, सील, आणि जुन्या दिव्यांत काच फुटली की बल्ब आपोआप बाहेर ढकलून वीज तोडणारी स्प्रिंग. घरी हौसेने उघडलेला दिवा दुसऱ्या दिवशी गॅसात जाणार, हे कोणाला चालेल?

आता हिशेबाचं. प्रत्येक कामगाराचा एक नंबर, तोच दिव्यावर, तोच रॅकवर, तोच दोन बिल्ल्यांवर. आमच्याकडे दिवा उचलताना एक बिल्ला त्या रिकाम्या जागी लटकायचा. दुसरा खिशात, तो वर आल्यावर खाणीच्या तोंडावरच्या माणसाकडे द्यायचा. म्हणजे एकाच माणसाच्या दोन स्वतंत्र नोंदी. मला हे सुरुवातीला उगाचचं वाटायचं.

एकदा पाळीच्या मध्येच तोंडावरून फोन आला, "११२ वर आलाय, दिवा जमा झाला का?" मी मागच्या बाजूला बॅटऱ्यांत पाणी घालत होतो. येऊन पाहिलं तर ११२ ची जागा रिकामी आणि ५७ चा दिवा रॅकवर. खाली फोन करून ओव्हरमनकडून (पाळीवर देखरेख करणाऱ्याकडून) खात्री केली तेव्हा कळलं की ५७ चा दिवा दोन-तीन तासांतच मंदावला होता. ११२ ला ताप भरला म्हणून तो लवकर वर येत होता; त्याने आपला चांगला दिवा मित्राला दिला आणि मित्राचा मंद दिवा घेऊन वर आला. नंबर ५७ म्हणून ५७ च्या जागी लावला आणि गेला घरी. भावना चांगली होती, बोलणार काय! पण माझ्या रॅकवर ५७ वर आणि ११२ खाली असं दिसत होतं, म्हणजे खरं होतं त्याच्या बरोबर उलट. मोजणी जुळत होती, माणसं जुळत नव्हती. त्या वेळात खाली छत बसलं असतं, तर घरी झोपलेल्याला आम्ही दगडाखाली शोधलं असतं.

म्हणूनच दिव्यात आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी नंबरची चिप) बसवला की प्रश्न मिटला असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. टॅग फार कामाचा आहे, कोणत्या बोगद्यात शेवटचं वाचन झालं ते लगेच दिसतं. पण तो दिवा कुठे आहे ते सांगतो. दिवा कोणाच्या टोपीवर आहे ते त्याला माहीत नसतं.

राहिलं ५७ चं. त्याच्या खुंटीवर काळा थर होता आणि आदल्या पाळीत ॲमीटरचा काटा शून्यावरच होता, मी पाहिलाच नव्हता. थर सँडपेपरने घासून काढला. पुढे तिथे होतो तोवर, पाळी सुटल्यावर पाव तासाने पूर्ण रॅकसमोरून एक चक्कर मारायचो, एकेका काट्यावर बोट ठेवत.