नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, मग तासाभराच्या पावसात घरात पाणी कसं शिरतं? एकात्मिक जलव्यवस्थापनाने हे थांबेल का?

थांबेल. पण त्यासाठी नळ, गटार, नाला, विहीर आणि छत यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो, आणि त्याला कोणी तयार होत नाही. मी धुळ्याला देवपुरात राहतो. तुम्ही विचारलंय ते पाणी माझ्या घरात येऊन गेलंय.

आमची कॉलनी शेतजमिनीवर बसली. उताराच्या टोकाला ओपन स्पेस, तिथे जुनी दगडी विहीर आणि तिच्या कडेने जाणारी चारी. माझे वडील साक्री तालुक्यातले, पांझरा नदीच्या एका बंधाऱ्यावर पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी शेतांना सोडणारे. तिथली फड पद्धत, म्हणजे शेतांचे गट (फड) पाडून बंधाऱ्याचं पाणी वाटायची रीत, आपल्याकडे तीन-चारशे वर्षं जुनी. बंधारा भरला तर सगळे फड भिजवायचे, कमी असेल तर ठरतील तेवढेच, आणि जास्तीचं पाणी काढून द्यायला सांडम ठेवलेलाच असतो. म्हातारपणी ते माझ्याकडे आले तेव्हा पहिल्याच पावसात छत्री घेऊन कॉलनीभर फिरले. परत येऊन म्हणाले, "तो खालचा कोपरा तुमचा सांडम आहे, तिथे काही बांधू देऊ नको."

ते गेल्यावर दोन वर्षांनी कॉलनीची सभा झाली. विषय: विहीर बुजवून पेव्हर ब्लॉक बसवणे. शेजारचे काका, सगळी हयात बांधकामात गेलेली, म्हणाले विहिरीत डास होतात, पोरं पडतील. मी म्हटलं, जाळी बसवू आणि छतांचे पाइप गाळणीतून तिच्यात सोडू. कागदावर हिशेबही नेला होता. हजार चौरस फूट छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं. आमची घरं साठ, म्हणजे पावणेतीन लाख लिटर. काका म्हणाले, "त्याला गटार आहे ना!" माझ्या बाजूने तीन हात वर झाले. विहिरीत मलबा गेला, चारीवर स्लॅब पडला. पुढे काँक्रीटचा रस्ताही जुना न उकरता वरच ओतला आणि माझा उंबरा रस्त्याच्या खाली गेला.

पुढच्याच सप्टेंबरात संध्याकाळी दीड तास पाऊस झाला. पहिलं पाणी दारातून आलं नाही. मोरीच्या जाळीतून आलं, बुडबुडे काढत, काळं. मी जाळीवर पोतं दाबून वर पाटा ठेवला, तोवर संडासातून यायला लागलं. गव्हाची कोठी खालून भिजली. आईने उन्हाळाभर केलेल्या कुरडयांचा डबा आडवा होऊन पलंगाखाली तरंगत होता. आई ओट्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि एकच विचारत होती, "आते काय करानं?" त्या दिवशी नळाला पाणी येऊन सातवा दिवस होता. गुडघाभर पाण्यात उभं राहून मी पिण्याच्या पाण्याचा जार मागवला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. मोठं गटार टाकणं हा उपाय नाही, त्याने तुमचं पाणी खालच्या कॉलनीत लवकर पोहोचतं, बस. पाणी पडेल तिथेच अडवा, जिरवा, आणि उरलेल्याला उघडी वाट ठेवा. भूमी अभिलेखमधून जुना गाव नकाशा काढा, त्यात तुमचा नाला कुठून जात होता ते दिसेल. तिथे बगीचा करा, मैदान करा, पण रस्त्यापेक्षा हातभर खोल ठेवा. पावसाचं गटार आणि मैल्याचं गटार वेगळं हवंच, नाहीतर माझ्या मोरीसारखं होतं.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आपल्या काळ्या मातीत नुसता खड्डा खणून भागत नाही. ती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच उभं राहतं. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याला जमीन वेगळी आहे, तिथे पाणी पटकन मुरतं. रस्त्यावरचं पाणी विहिरीत कधीच सोडू नका, फक्त छताचं, तेही पहिला पाऊस वाहून गेल्यावर. आणि नदीच्या पुराला यातलं काहीच पुरत नाही. चाळीसगावला ३१ ऑगस्ट २०२१ ला पाऊस डोंगरात झाला आणि तितूर नदी गावात शिरली. तिथे छतं आणि विहिरी काय करणार? अक्कलपाडा धरणातून विसर्ग वाढतो तेव्हा पांझरेला पात्र मोकळं लागतं, आणि वरच्या धरणाची खबर खालच्या शहराला वेळेत मिळावी लागते.

काका अजून शेजारीच राहतात आणि अजून म्हणतात की त्या दिवशी गटार तुंबलं होतं म्हणून झालं. गटार तुंबलं होतंच, साठ छतांचं पाणी एकदम आलं तर दुसरं काय होणार? मलबा काढायचा निम्मा खर्च मी देतो असं त्यांना दोनदा सांगितलंय. विहीर कोपऱ्यातल्या निंबापासून पूर्वेला अकरा पावलांवर आहे.